सतरा अंशांवरचा सूर्य आणि पहिला कॅमेरा

डिसेंबरच्या २१ तारखेला जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. पुण्यात सकाळी साडेआठपर्यंत मिळणारं तिरपं ऊन इथे आभाळ मोकळं असेल तर दिवसभर मिळतं, पण हिवाळ्यात आभाळ मोकळं असणं हीच दुर्मिळ गोष्ट. उलट जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो आणि तोही तिरका सरकत. त्यामुळे आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपणारा संधिप्रकाश इथे चाळीस मिनिटांच्या आसपास रेंगाळतो. पहिला कॅमेरा निवडायचा तर सुरुवात या उजेडापासून करावी असं माझं ठाम मत आहे. मेगापिक्सेल किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

नेकार आणि सुल्म या दोन नद्यांच्या संगमावरच्या या गावात आउडीचा कारखाना आहे, लिडल आणि काउफलांडचा मालक असलेल्या श्वार्त्स समूहाचं मुख्यालय आहे. त्यामुळे नोकरीसाठी आलेली मराठी मुलं-मुली इथे भेटतात. पहिला हिवाळा सरला की हमखास विचारणा होते, ‘‘दादा, डीएसएलआर घ्यायचाय, कुठला घेऊ?’’ मी उलट विचारतो, ‘‘फिरतोस कुठे, आणि किती वाजता?’’

फिरायला जागा भरपूर आहेत. गावाच्या कडेला शॉयरबेर्ग नावाची द्राक्षमळ्यांची टेकडी आहे. दिवाळीच्या सुमारास वेलींची पानं पिवळी-तांबूस होतात आणि उतारावरच्या रांगा वेगवेगळ्या रंगांत दिसू लागतात. वरून एका बाजूला मळे, दुसऱ्या बाजूला कारखान्याची लांबच लांब छपरं. खाली नेकारवर मालवाहू नौका चालतात. थोडं पुढे बाड विम्पफेनचा निळा मनोरा नदीच्या वर उभा आहे. नेकारसुल्म गावातच ट्युटॉनिक सरदारांचा जुना वाडा आहे. त्यात १९५६ पासून दुचाकींचं संग्रहालय आहे. एनएसयू ही मोटारसायकल कंपनी इथलीच आणि तिची तीन अक्षरंही या गावाच्या नावातूनच घेतलेली.

आता या उजेडाचा हिशेब बघा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची लेन्स ५५ला नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६च्या पलीकडे उघडत नाही. ५० मिमी एफ १.८ची साधी, स्वस्त लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. नोव्हेंबरच्या ढगाळ दुपारी चार वाजता मळ्यात फोटो काढताना या दहापटीचा अर्थ असा, की जिथे शटर १/२० सेकंदावर अडकून चित्र हलतं, तिथे १/२०० मिळतं. म्हणून माझा सल्ला असा: बॉडीवर कमी खर्च करा आणि उरलेले पैसे लेन्सवर व ट्रायपॉडवर घाला. निसर्गदृश्यासाठी तर ट्रायपॉडइतकी उपयोगी वस्तू नाही. संधिप्रकाशात आयएसओ १०० ठेवून दोन-दोन सेकंद शटर उघडं ठेवता येतं, तेव्हा सेन्सर जुना असला तरी बिघडत नाही.

बॉडीचं म्हणाल तर निकॉन डी३५०० हा २०१८चा कॅमेरा अजूनही शिकाऊ माणसासाठी उत्तम. बॅटरी आणि कार्डासह ४१५ ग्रॅम वजन, २४ मेगापिक्सेल, आणि प्रमाणित चाचणीत एका चार्जिंगवर १,५५० फोटो. कॅननमध्ये २०१९चा ईओएस २५०डी, याच चाचणीत १,०७० फोटो आणि वळवता येणारा पडदा. वेलींच्या मुळाशी कॅमेरा ठेवून फोटो काढायचा असेल तर तो पडदा गुडघे वाचवतो. कॅननचा ४०००डी स्वस्त दिसला तरी टाळा, त्याचं लेन्स बसवायचं कडं प्लॅस्टिकचं आहे. पावसात फिरणाऱ्याने पेंटॅक्स के-७० बघावा. पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण या किमतीत दुसरीकडे सहसा मिळत नाही. निकॉन घेताना एक मेख लक्षात ठेवा: डी३५०० आणि डी५६०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळतात म्हणून घेतल्या, तर फोकस हाताने करावा लागेल. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स घ्या. डी७५००मध्ये मोटर आहे, आणि त्याचा व्ह्यूफाइंडर खऱ्या काचेच्या प्रिझमचा. लहान कॅमेऱ्यांत आरशांचा असतो, तो थोडा अंधारा वाटतो.

त्या प्रिझमचा इतिहासही जर्मन आहे. ३५ मिमी फिल्मचा आरसेवाला, म्हणजेच एसएलआर, कॅमेरा नियमित उत्पादनात आला तो १९३६ साली, ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीच्या किने एक्झाक्टाच्या रूपाने. त्यात वरून खाली बघावं लागे आणि चित्र डावं-उजवं उलटं दिसे. डोळ्यासमोर धरून सरळ चित्र दाखवणारा प्रिझम १९४९च्या कॉन्टॅक्स एसमध्ये आला, तोही ड्रेस्डेनमध्येच. आज डीएसएलआरमधून बघताना वीज न लागणारं, विलंब नसलेलं जे दृश्य दिसतं ते या दोन पायऱ्यांचं फळ आहे. नवशिक्याला मी अजूनही डीएसएलआर सुचवतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण किमतीचं. कॅनन आणि निकॉन यांचा सगळा जोर आता मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे, त्यामुळे वापरलेले डीएसएलआर बाजारात भरपूर आहेत.

वापरलेला घेताना शटर किती वेळा उघडलं ते विचारा. अशा कॅमेऱ्यांचं आयुष्य साधारण एक लाख फोटोंचं धरतात. मग एफ १६ वर आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. लेन्स टॉर्चसमोर धरा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, हात लावू नका. आणि शक्यतो दुकानातून घ्या. जर्मनीत व्यापाऱ्याला वापरलेल्या वस्तूचीही किमान एक वर्षाची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते, खासगी विक्रेता ती नाकारू शकतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. घरी परतताना कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मग आत आणावा आणि खोलीइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये. दव पिशवीवर जमतं, काचेवर नाही. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायला थांबावं लागणार नाही.

कायद्याचंही थोडं. सार्वजनिक रस्त्यावरून कायमस्वरूपी उभ्या इमारतींचे फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला इथे मुभा आहे. पण ओळखू येणारा चेहरा प्रसिद्ध करायला त्या माणसाची संमती लागते. हा नियम १९०७च्या कायद्यातला आहे. द्राक्षतोडणी करणाऱ्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा.

पुढे मिररलेस घ्यावासा वाटला तर लेन्स वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवर पूर्ण चालतात, निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर फोकससह. म्हणून आज पाकिटात मोजके युरो असतील तर ते ५० मिमी किंवा ३५ मिमी एफ १.८ वर खर्च करा, आणि बॉडी दुकानातल्या वापरलेल्यांच्या कपाटातून उचला.