नऊ बारचा दाब

कॉफीच्या साखळी दुकानांचा अधिकृत इतिहास झटकन सांगून होतो. सिएटलमध्ये 1971 साली स्टारबक्स सुरू झालं तेव्हा तिथे भाजलेल्या बिया विकत. हॉवर्ड शुल्ट्झ 1983 मध्ये मिलानला गेले, तिथले कॉफीबार पाहून भारावले आणि 1987 मध्ये त्यांनी ती कंपनीच घेतली. आज तिची जगभर 40 हजारांच्या आसपास दुकानं आहेत. भारतातलं पहिलं, टाटांच्या भागीदारीत, 2012 मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं.

संपादकांना या विस्तारावरच लेख हवा होता. त्यासाठी पुण्यातल्या एका छोट्या कॉफीच्या दुकानात काउंटरला टेकून उभी राहिले आणि तिथल्या यंत्राने मला धरूनच ठेवलं.

यंत्र चालवणारी मुलगी विशीतली. ग्राइंडरखाली दांड्याची चाळणी धरून तिने सुमारे 18 ग्रॅम पूड घेतली, बोटाने सारखी केली, वरून दट्ट्या दाबला आणि दांडा यंत्रात अडकवून कळ फिरवली. पहिले काही क्षण काहीच आलं नाही. मग दोन काळपट थेंब पडले आणि त्यांची मधाच्या रंगाची बारीक धार झाली. ती घड्याळाकडे बघत होती. 18 सेकंदांतच कप भरला. तिने तो सरळ मोरीत ओतला, ग्राइंडरची चकती किंचित फिरवून दळण बारीक केलं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. या खेपेला 27 सेकंद लागले. ‘सकाळपासून हवा बदललीय,’ ती म्हणाली. दमट दिवशी दळण वेगळं, कोरड्या दिवशी वेगळं, नवी पिशवी फोडली की आणखी वेगळं. हे तिच्या हाताला कळतं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर फुस्स करून फेसाळ कॉफी देणारं यंत्र सगळ्यांनी पाहिलंय. त्यातली वाफ दूध तापवते. इथल्या एस्प्रेसो यंत्रात खरं काम दाबाचं आहे. तूरिनच्या आंजेलो मोरिओंदोने 1884 मध्ये वाफेच्या यंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 मध्ये एकेक कप काढणारं यंत्र केलं. पण नुसत्या वाफेचा दाब जेमतेम दीड बार, त्यात कॉफी करपट व्हायची. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जाने स्प्रिंगचा दांडा बसवला, दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कपावर पहिल्यांदा तो सोनेरी साय-फेस आला. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई61 यंत्राने दांडा ओढण्याचे कष्ट विजेच्या पंपावर सोपवले. त्या यंत्राचं नाव त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून ठेवलेलं. इथवर प्रत्येक सुधारणेने माणसाचा घाम कमी केला, कसब मात्र त्याच्याकडेच ठेवलं.

साखळी दुकानांना ते कसबच अडचणीचं झालं. शेकडो दुकानांत एकच चव द्यायची, रांग पुढे सरकवायची आणि नोकर सतत बदलणारे. मग दळण, दाबणं, पाणी सोडणं सगळं एका बटणामागे गेलं. 2007 मध्ये शुल्ट्झ यांनीच आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलं, की या स्वयंचलित यंत्रांनी वेग दिला, पण दुकानातली जादू घालवली. यंत्रं इतकी उंच, की गिऱ्हाइकाला आपली कॉफी होताना दिसेना. पुढच्या वर्षी, 26 फेब्रुवारी 2008 च्या संध्याकाळी, कंपनीने अमेरिकेतली 7,100 दुकानं काही तास बंद ठेवून कामगारांना एस्प्रेसो काढायला पुन्हा शिकवलं. नंतर बुटकी यंत्रं आली. बटण राहिलं.

त्याच 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात स्टारबक्सला 84 पैकी 61 दुकानं बंद करावी लागली. युद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक कुटुंबांनी तिथे गल्लोगल्ली चांगली कॉफी आधीच रुजवली होती. बटणाच्या कपासाठी जास्त पैसे लोक का देतील? उलट चीनमध्ये 2017 साली निघालेल्या लकिन या साखळीने मोबाइलवर मागणी, छोटं दुकान आणि स्वयंचलित यंत्र या जोरावर 2023 पर्यंत तिथल्या दुकानांच्या संख्येत स्टारबक्सला मागे टाकलं. स्वस्त आणि झटपट कॉफी लाखोंना मिळाली, हे मी कमी लेखत नाही. माझी काळजी काउंटरमागच्या माणसाची आहे. बटण दाबायला दोन दिवसांत शिकता येतं, म्हणून बटण दाबणाऱ्याला दोन दिवसांत बदलताही येतं. त्याचा पगार वाढवायचं कारण मालकाला उरत नाही, आणि त्यालाही धंदा शिकल्याचं समाधान नाही. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत बफेलो शहरातल्या स्टारबक्सच्या कामगारांनी मतदान करून संघटना उभी केली. पाठोपाठ शेकडो दुकानांत तेच झालं.

आता जिल्ह्याच्या गावांतही अशी दुकानं उघडू लागली आहेत. मालकांना विनंती आहे, की निदान एक ग्राइंडर हाताने लावायचा ठेवा, मुलांना तो नीट शिकवा आणि त्या शिकण्याचे पैसे पगारात दिसू द्या. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर पहिला कप मोरीत ओतून दुसरा काढणाऱ्यावर उशिरासाठी चिडू नका.