मोटारीचा उसना दम

नेहमीच्या मोटारीस सुपरचार्जर बसविण्याची हौस आमच्या माकणीच्या चिरंजीवांस झाली आहे. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारे हे यंत्र नळकांड्यांत जादा हवा कोंबते. त्याबरोबर जादा इंधन जळते व जोर वाढतो. परंतु दाबलेली हवा तापते, आणि तेरणाकाठचा वैशाख तिला मुळातच तापवून ठेवतो! मग ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता मिश्रण आपोआप भडकते, ठोके ऐकू येतात. दुर्लक्ष केल्यास दट्ट्यास भोक पडते. दहास एक दाबप्रमाणाचे साधे इंजिन या भारासाठी घडविलेलेच नसते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्राशी विसंगत फेरफारास मनाई आहे. आम्ही हे सांगताच चिरंजीव हिरमुसले. पण त्याच गाडीतून आजींना तुळजापुरास न्यावयाचे आहे.