सतरा दिवसांत रचलेले गीत

काही गीते सुरांमुळे स्मरणात राहतात. काहींच्या मागची हकिगत कळल्यावाचून त्यांचा अर्थच उमगत नाही. ‘ओहायो’ हे अमेरिकेतील रॉक गीत या दुसऱ्या जातीचे.

३० एप्रिल १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी व्हिएतनामचे युद्ध शेजारच्या कंबोडियात नेत असल्याचे जाहीर केले. युद्ध आवरते घेतले जाईल, अशा आशेवर असलेले विद्यार्थी खवळले. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात निदर्शने झाली, लष्करी शिक्षणाची इमारत जळाली आणि नॅशनल गार्डचे सैनिक आवारात उतरले. ४ मे रोजी भर दुपारी त्यांनी अवघ्या १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. ४ विद्यार्थी ठार झाले, ९ जखमी. मृतांपैकी सर्वांत जवळचा विद्यार्थीदेखील सैनिकांपासून सुमारे ८० मीटर दूर होता. दोघे तर निदर्शकांत नव्हतेच. ते एक तास संपवून दुसऱ्या तासाला निघाले होते.

‘लाइफ’ साप्ताहिकातील छायाचित्रे पाहून नील यंग याने हे गीत लिहिले. तो मूळचा कॅनडाचा. पण शोकाला सीमा कुठली! २१ मे रोजी, म्हणजे गोळीबारानंतर सतराव्या दिवशी, क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या सहकाऱ्यांसह लॉस एंजेलिस येथे त्याचे ध्वनिमुद्रण झाले. गाता गाता डेव्हिड क्रॉस्बीला रडू आवरेना. जूनमध्ये तबकडी निघाली. गीतात निक्सन यांचे नाव उघडपणे घेतलेले असल्याने काही रेडिओ केंद्रांनी ते वाजविण्याचे नाकारले.

न्यायाची चाल मात्र निराळी. १९७४ मध्ये आठ सैनिकांवरील खटला न्यायाधीशांनी पुराव्याअभावी काढून टाकला. १९७९ मध्ये तडजोड होऊन जखमींना व मृतांच्या आईवडिलांना मिळून ६,७५,००० डॉलर देण्यात आले. सोबत खेद व्यक्त करणारे एक निवेदन. जे शब्द एका गायकाला सतरा दिवसांत सापडले, ते राज्यकर्त्यांना नऊ वर्षे सापडले नाहीत. आणि सापडले तेही क्षमेचे नव्हते.

गीतात मृतांची नावे नाहीत. आहे ती केवळ त्यांची संख्या, पुनःपुन्हा उच्चारलेली. शिकायला धाडलेले मूल घरी परतले नाही, तर आईबापही दुसरे काय करतात? ज्यांचा हिशेब कोणी देत नाही, त्यांची मोजदाद तरी विसरू नये, एवढेच हे गीत सांगते.