लेप्टिन : मेदधातूचा निरोप आणि औषधांची पत्रके

अलीकडेच एका औषधनिर्मात्याचे पत्रक आमच्या चिकित्सालयात आले. आपला गुग्गुळकल्प ‘लेप्टिनचे संतुलन राखतो’, असे त्यावर ठळक छापले होते. लेप्टिन किती रुग्णांत मोजले, असे आम्ही प्रतिनिधीस विचारले. त्यांनी दुसरे पत्रक पुढे केले. त्या निमित्ताने या प्रथिनाची ओळख कशी पटली, तो वृत्तांत वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली अनिवार भूक व अतिस्थौल्य असलेले उंदीर आढळले. दोष आनुवंशिक होता. पुढे तेथेच स्थूल व मधुमेही उंदरांचा दुसरा वंश मिळाला. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांची शरीरे शस्त्रकर्माने जोडून एकाचे रक्त दुसऱ्यात खेळविले. पहिल्या वंशातील स्थूल उंदीर निरोगी उंदरास जोडला असता त्याचा आहार घटला. मधुमेही उंदरास जोडला असता मात्र तो अन्न सोडून उपासमारीने मेला. मधुमेही जोडीदार खातच राहिला! कोलमन यांनी अनुमान केले की, पहिल्यात तृप्तीचा निरोप देणारे द्रव्यच नाही. दुसऱ्यात ते विपुल आहे, पण ते जाणण्याची शक्ती नाही. द्रव्य हाती नसता केवळ कार्यावरून केलेले हे अनुमान आपल्या परंपरेत वाढलेल्या वैद्यास परके वाटू नये.

परंतु संशोधक अनुमानावर थांबले नाहीत. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी सदोष जनुक शोधले. त्यापासून मेदपेशींत १६७ अमिनो आम्लांचे प्रथिन घडते व त्याचा आरंभीचा अंश गळून ते रक्तात उतरते. ग्रीक भाषेतील ‘कृश’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास लेप्टिन म्हटले गेले. १९९५ मध्ये ते टोचताच पहिल्या वंशातील उंदरांची भूक व वजन उतरले. मधुमेही वंशावर परिणाम झाला नाही. वर्षअखेरीस त्याचा रिसेप्टर सापडला आणि मधुमेही वंशात तोच सदोष असल्याचे लवकरच दिसून आले.

१९९७ मध्ये लेप्टिनचा जन्मजात अभाव असलेली दोन बालके इंग्लंडमध्ये आढळली. त्यांपैकी एका बालिकेचे वजन लेप्टिनच्या उपचाराने उतरले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र असे रुग्ण अत्यंत विरळ. सामान्य स्थूल रुग्णात लेप्टिन उणे नसून बहुधा वाढलेलेच असते, आणि बाहेरून दिल्याने लाभ अल्पच होतो. मग ‘संतुलन’ म्हणजे वाढविणे की घटविणे?

चरकाचार्यांनी स्थौल्याच्या हेतूंत बीजस्वभाव गणला आहे, तसेच मेदाने मार्ग रोधल्याने कोष्ठातील वायू अग्नी प्रदीप्त करतो असे सांगितले आहे. हे साम्य विचारार्ह आहे. परंतु ‘लेप्टिन आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्यास तेवढे पुरत नाही. व्यासपीठांवरून हे वाक्य आम्हीही टाळ्यांसाठी उच्चारले आहे, हे येथे कबूल करतो.

गुग्गुळकल्प आम्ही पूर्ववत योजतो. रुग्णाचा कटिपरीघ, भूक व श्वास पाहून. ते पत्रक मात्र ‘रुग्णसंख्या, मात्रा, कालावधी व मापनाचे आकडे कळवावेत’ असा शेरा मारून परत धाडले आहे. औषधालयचालकांनीही असा माल घेण्यापूर्वी हेच विचारावे. उत्तर आल्यास ते याच त्रैमासिकातून वाचकांस कळवू.