एका नळीतली पंगत

‘सहजीवन’ हा शब्द आपण लग्नपत्रिकेत वाचतो, तेव्हा त्यात दोघांचेही भले गृहीत असते. जीवशास्त्रात तसे नाही. तिथे सहजीवन म्हणजे दोन भिन्न जातींच्या जीवांनी दीर्घकाळ निकट राहणे. त्यात लाभ कोणाचा, हा पुढचा प्रश्न.

याचे एक उदाहरण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात काम केलेले के. एन. संकोल्ली यांनी १९६५ मध्ये एका चिमुकल्या खेकड्याची नवी जात नोंदवली : पॉलिओनिक्स लोइमिकोला. नावातच त्याचा पत्ता आहे. लोइमिया हा समुद्रातला नळीकृमी. लोइमिकोला म्हणजे त्याच्याकडे राहणारा.

लोइमिया वाळूचे कण, शिंपल्यांचे तुकडे चिकट स्रावाने जोडून नळी बांधतो. तोंडाजवळचे लांब तंतू बाहेर पसरून तळावरचे अन्नकण ओढून घेतो आणि श्वसनासाठी नळीत पाणी खेळते ठेवतो. हे पाणी पाहुण्याच्या पथ्यावर पडते. या कुळातले खेकडे तोंडाजवळच्या पिसांसारख्या अवयवांनी पाण्यातले कण गाळून खातात. म्हणजे निवारा मिळतो आणि जेवण दारात येते.

अशा पाहुण्यांना मराठीत सहभोजी म्हणतात. पण पंगत एक असली, तरी कोणाच्या पानातले कमी झाले हे पाहावे लागते. खेकड्याने पाण्याची वाट अडवली तर यजमानाचे श्रम वाढतील. साचलेली घाण खाल्ली तर फायदाच होईल. म्हणून नळीत खेकडा सापडला, एवढ्यावरून नाते ठरत नाही. खेकडा असलेल्या आणि नसलेल्या नळ्यांतल्या कृमींची वाढ ताडून पाहावी लागते.

१९७७ मध्ये गालापागोसजवळ खोल समुद्रात राक्षसी नळीकृमी दिसले. त्यांना पुढे रिफ्टिया हे नाव मिळाले. प्रौढ रिफ्टियाला तोंड नाही, आतडे नाही. अंगातले जिवाणू गंधकाच्या संयुगांपासून ऊर्जा मिळवून त्याला पोसतात. तिथे पाहुणा गेला तर यजमान उपाशी. लोइमियाच्या घरी उलटे : यजमान गेला तर पाहुणा बेघर.

आमच्या चऱ्होलीच्या आसपास कारखान्यांत कामाला आलेली माणसे आधी खोली शोधतात. या खेकड्याचेही तसेच. त्याची पिल्ले खुल्या समुद्रात वाहत वाढतात आणि मग त्यांना निवारा गाठावा लागतो. किनाऱ्यावर भराव पडला, की आपण मासळीचे नुकसान मोजतो. नळीबरोबर तिच्यातला भाडेकरूही जातो, तो मात्र त्या हिशेबात कुठेच नसतो.