जीपमध्येच हवेची सोय: कॉम्प्रेसर बसवण्यापूर्वी काय पाहावे?

पाऊस स्थिरावला की डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील तांबड्या मातीच्या वाटांवर चारचाकीची चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी जाणकारांचा पहिला सल्ला असतो, टायरांतील हवा कमी करा. सल्ला योग्यच आहे. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, गाडीचे वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक रुतण्याऐवजी मातीवर पकड घेते. सड्यावरील चिऱ्याच्या टोकदार कडांवर तो टणक न राहता वाकतो, त्यामुळे फाटण्याचा धोकाही घटतो. डांबरी रस्त्यावर 30 पीएसआयच्या आसपास असलेला दाब खडकाळ वाटेवर 20 ते 22, तर मऊ चिखलात 16 ते 18 पर्यंत आणला जातो. साध्या रिमवर त्याहून फार खाली गेल्यास वळणावर टायर रिममधून निसटू शकतो.

खरा धोका चिखलातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. हवा कमी असलेल्या टायरांनी राष्ट्रीय महामार्ग 66 वर 80 च्या वेगाने गाडी हाकली, तर टायरांच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, तापतात आणि शेवटी फुटू शकतात. जवळचा पेट्रोल पंप दहा किलोमीटरवर असेल आणि रात्री तेथे हवा भरणारे कोणी नसेल, तर ते अंतर अगदी सावकाश कापण्यावाचून उपाय उरत नाही. गाडीतच कॉम्प्रेसर असावा, हा आग्रह त्यातून आला आहे. 2014 पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात होत असलेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धांमुळे ही साधने हौशी चालकांच्या परिचयाची झाली आहेत.

वास्तविक डिचोलीकरांना यात नवल वाटू नये. खनिज वाहणारा प्रत्येक टिपर आपली हवा स्वतःबरोबरच नेतो. त्याचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांत साधारण 8 बारपर्यंत दाब साठवतो, आणि अडीअडचणीला त्याच हवेने टायरही भरला जातो. जीपच्या टायराला मात्र ही हवा दाबमापकाशिवाय लावू नये. ट्रकचा दाब जीपच्या टायराच्या दाबाच्या जवळजवळ चौपट असतो.

छोट्या गाडीसाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप स्वस्त पडतो. पण सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा असल्याने त्याची ताकदही तेवढीच. थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा पंप अधिक दमदार असतो आणि वापर झाल्यावर पिशवीत घालून ठेवता येतो. तिसरा मार्ग कायमस्वरूपी बसवलेल्या कॉम्प्रेसरचा, टाकीसह किंवा टाकीविना. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी आडवाटेला जाणाऱ्यास दुसरा मार्ग पुरेसा आहे. केवळ दिखाव्यासाठी तिसरा पत्करणे व्यर्थ होय.

टाकीविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. थारच्या आकाराच्या टायरात अंदाजे 55 ते 60 लिटर हवा मावते. त्यातील दाब 15 पीएसआयने, म्हणजे जवळपास एका वातावरणाने वाढवायचा, तर बाहेरची तेवढीच हवा आणखी कोंबावी लागते. चार टायरांसाठी हा हिशेब सुमारे 230 लिटरवर जातो. 8 बारपर्यंत भरलेली 10 लिटरची टाकी 2 बारपर्यंत उतरेतो जेमतेम 60 लिटर हवा देते. म्हणजे एकच टायर. टाकीचा उपयोग निसटलेला टायर झटक्यात रिमवर बसवण्यासाठी किंवा हवेवरील हत्यारासाठी होतो; चारही टायर भरायचे काम शेवटी कॉम्प्रेसरलाच करावे लागते. त्याच्यावर मिनिटाला 35 लिटर असे छापलेले असले, तरी तो आकडा बहुधा दाब नसतानाचा असतो. सात मिनिटांचा हिशेब प्रत्यक्षात दहा-बारा मिनिटांवर जातो.

जोडणीत सर्वाधिक चुका तारेच्या निवडीत होतात. कॉम्प्रेसर 30 अँपिअर ओढत असेल आणि जाऊन-येऊन तारेची लांबी 8 मीटर असेल, तर 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच जिरतो. मोटार मंदावते, तार तापते. 6 चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही गळती पाऊण व्होल्टच्या आत राहते. फ्यूज बॅटरीच्या लगतच हवा. तो कॉम्प्रेसरपाशी बसवला, तर मधल्या तारेला कोणतेच संरक्षण उरत नाही. बटणातून सगळा प्रवाह न नेता रिले वापरावा. हवा भरताना गाडी उघड्यावर उभी करून इंजिन चालू ठेवावे, एरवी परतीच्या वेळी बॅटरीच दगा द्यायची.

गोव्याच्या दमट हवेचा वेगळा विचार आवश्यक आहे. पावसाळ्यातील हजार लिटर हवा 8 बारपर्यंत दाबून थंड झाली की तिच्यातून वीसेक ग्रॅम पाणी सुटते. ते टाकीच्या तळाशी साचून लोखंड आतून गंजवते. टिपरचालक टाकीखालचा नळ उघडून पाणी काढतात. ती सवय जीपवाल्यांनीही उचलावी. टाकीला ठरावीक दाबावर मोटार बंद करणारा स्विच हवाच, पण तो अडकला तर हवा सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्हही हवा. कॉम्प्रेसर बॉनेटखाली बसवायचा असल्यास एक्झॉस्टपासून दूर, आणि ओहोळ ओलांडताना पाणी शिरणार नाही इतक्या उंचीवर असावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. म्हणून चॅसीला भोके पाडण्यापूर्वी वाहतूक खात्याकडे आणि विमा कंपनीकडे विचारणा केलेली बरी. मूळ वायरिंग कापल्यास हमीवरही प्रश्न उभा राहू शकतो.

हवा कमी करण्याचे तंत्र जगभर वाळूसाठी वापरले जाते, हे खरे. पेडण्याच्या किनाऱ्यावर मात्र ते वापरायला वावच नाही. गोव्यात समुद्रकिनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई आहे, तरीही वाळूत फसलेल्या पर्यटकांच्या गाड्यांच्या बातम्या थांबत नाहीत. मोरजी आणि मांद्रेच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी पुरतात. ती वरून दिसत नाहीत, आणि पसरट झालेल्या टायराखालीही गाडीचे वजन तेवढेच राहते.