पंधरा शतांशांची गोष्ट

१४ ऑगस्ट २०१६ ची रात्र. आमच्या घरी एरवी दहाला दिवे मालवतात. पण त्या रात्री सारी मंडळी टेलिव्हिजनपुढे ठाण मांडून बसली होती. रिओ ऑलिंपिकमध्ये आगरतळ्याची दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत उतरणार होती. ऑलिंपिकपर्यंत पोचलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. खरे सांगायचे तर हा व्हॉल्ट काय प्रकार आहे, हे मलाही नीटसे ठाऊक नव्हते. मल्लखांब पाहत वाढलेली माणसे आम्ही!

दीपाचा जन्म १९९३ चा. वडील वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. त्यांनीच तिला सहाव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सला घातले. पण पोरीचे तळवे सपाट! ज्या खेळात धावायचे, उडायचे नि पुन्हा पायांवर स्थिर उभे राहायचे, त्यात ही केवढी अडचण! गुरू बिश्वेश्वर नंदी यांनी तिच्याकडून चिकाटीने व्यायाम करवून घेतले. साधनांचा तर दुष्काळच. जुन्या स्कूटरचे भाग जोडून काम भागवावे लागे.

तिने हाती घेतली ती ‘प्रोदुनोवा’. येलेना प्रोदुनोवा या रशियन खेळाडूच्या नावाची ही उडी. धावत यायचे, सव्वाशे सेंटिमीटर उंच टेबलावर हात टेकायचे आणि तेथून हवेत पुढच्या बाजूने दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचे. पुढे फिरताना जमीन अखेरपर्यंत नीट दिसत नाही. फिरकी अपुरी पडली तर भार मानेवर! याच उडीवर तिने २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते.

रिओत ती उतरताना इतकी खाली बसली, की बैठक मॅटला लागली की काय असे वाटले. “अगं बाई, जपून!” आई टेलिव्हिजनलाच म्हणाली. दीपाचे गुण झाले १५.०६६, कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया स्टाइनग्रुबरचे १५.२१६. चौथा क्रमांक! १९६० साली मिल्खासिंग, १९८४ साली पी. टी. उषा, आणि आता ही.

एवढ्यावर थांबले की लेख गोड होतो. मला ती रीत पटत नाही. २०१७ मध्ये दीपाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील मेर्सिन येथे तिने विश्वचषक मालिकेतील सुवर्णपदक जिंकले. पुढे, २०२१ साली घेतलेल्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडल्याने तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. ते अजाणता पोटात गेले, असे तिने सांगितले. पण बंदी भोगली.

मे २०२४ मध्ये, तिशी गाठलेली दीपा ताश्कंदला आशियाई स्पर्धेत उतरली आणि व्हॉल्टचे सुवर्णपदक घेऊन आली. पॅरिस ऑलिंपिकची वाट मात्र उघडली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, “तिची मान शाबूत आहे ना? मग झालं तर!”